सतरा नंबरचं पोस्टर

हालिना व्हिल्क औषधं घ्यायला आली आणि काउंटरकडे न येता भिंतीसमोरच उभी राहिली. वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटमधल्या त्या फार्मसीच्या भिंतीवर फ्लूच्या लशीचं पोस्टर होतं. त्यावर एक हसरी सिरिंज, दोन फुगे, छत्री धरलेली मेंढी आणि मोजून अकरा तऱ्हांची अक्षरं.

"हे कोणी केलंय?" तिने इंग्रजीत विचारलं. तिच्या इंग्रजीत सगळे 'र' खडखडायचे. "त्याला कसलं औषध चालू आहे का?"

पोस्टर सुलेखानेच केलं होतं, रविवारची अख्खी दुपार घालवून. ती तिथली फार्मासिस्ट. मेंढीचा तर तिला विशेष अभिमान होता. सुलेखाच्या नाकाला चांगल्याच मिरच्या झोंबल्या, पण गिऱ्हाईक सत्त्याहत्तर वर्षांचं, म्हणून ती नुसती हसली. हालिनाने औषधाची कागदी पिशवी उलटी केली, सुलेखाच्या खिशातलं पेन न विचारता काढून घेतलं आणि अर्ध्या मिनिटात एक छत्री काढली. छत्रीची दांडी म्हणजे सुई होती. खाली फक्त एक शब्द: "पावसाआधी."

सुलेखाने दुसऱ्याच दिवशी ती पिशवी भिंतीवर लावली आणि मेंढीला निवृत्त केलं. २०१४च्या त्या हिवाळ्यात लोक पिशवीकडे बोट दाखवून लस मागायला लागले. ह्या बाईंचं प्रकरण साधं नाही, हे सुलेखाला तेव्हाच कळलं.

प्रकरण खरोखरच साधं नव्हतं. हालिनाने वॉर्सात वीस वर्षं सिनेमाची पोस्टरं रंगवली होती. तिकडे तेव्हा थिएटरं सरकारी, त्यामुळे पोस्टरने तिकिटं खपवावीत अशी कुणाची अपेक्षा नव्हती. नट-नट्यांचे चेहरे छापायची सक्तीही नव्हती. चित्रकाराने सिनेमा बघायचा आणि त्याला जे वाटलं ते रंगवायचं. प्रेमकथा असेल तर दोन खुर्च्या. युद्धपट असेल तर एक बूट. अक्षरंसुद्धा हातानेच काढायची. एक्क्याऐंशीच्या डिसेंबरात तिथे लष्करी कायदा आला, पुढच्या वर्षी नवऱ्याला वेलिंग्टनमध्ये नोकरी मिळाली आणि हालिना इकडे आली. इथे तिला एका सरकारी खात्याच्या छपाई विभागात काम मिळालं. बावीस वर्षं तिने फॉर्म आखले. कुत्र्याच्या नोंदणीचा फॉर्म, मेंढ्यांना जंताचं औषध पाजायचं वेळापत्रक, सेप्टिक टँकची निगा कशी राखावी याचं पत्रक. काम नेटकं केलं, निरोप समारंभात केक कापला, पेन्शन घेतली.

"वाईट वाटत नाही?" सुलेखाने एकदा तिच्या स्वयंपाकघरात चहा पिताना विचारलं.

"फॉर्म चांगले होते," हालिना म्हणाली. "पण कोणी चोरले नाहीत."

मग तिने सांगितलं ते असं. वॉर्सात पोस्टर भिंतीवर लागलं की लोक ते चोरायचे. खळ ओली असतानाच कोपरे सोडवून घरी न्यायचे. सरकारी बक्षीस मिळालं तर हालिना ते कपाटात टाकायची, पण आपलं पोस्टर चोरीला गेलं की स्वयंपाकघराच्या दारावर आतल्या बाजूने पेन्सिलीची एक रेघ ओढायची. घर सोडलं तेव्हा दारावर एकेचाळीस रेघा होत्या. "दार आणता आलं नाही," ती म्हणाली. तिच्या इथल्या स्वयंपाकघराचं दार पांढरं होतं आणि त्यावर एकही रेघ नव्हती. सुलेखाने त्या दाराकडे पाहिलं आणि तिला भयंकर वाईट वाटलं, औषधांच्या दुकानात रोज दुखणी बघणाऱ्या बाईला वाटू नये इतकं.

नेमकं त्याच वर्षी सुलेखाच्या नवऱ्याने नाटक लिहिलं. यतीन वेलिंग्टनला आयटीत होता आणि रोजच्या ट्रेनमध्ये जाता-येता त्याने हट व्हॅलीच्या मराठी मंडळासाठी दोन अंकी विनोदी नाटक उरकलं होतं: 'तीन महिन्यांचा व्हिसा'. मुलाकडे राहायला आलेल्या आईची गोष्ट. आता नाटक म्हटलं की पोस्टर आलं, आणि मंडळाचं पोस्टर म्हणजे काय असायचं ते सांगायला हवं. वर अध्यक्ष पुरुषोत्तमकाकांचा हात जोडलेला फोटो, खाली कमिटीचे सहा फोटो, त्याखाली नटांचे, मग मसाल्याच्या दुकानाची जाहिरात, मग चार फोन नंबर, आणि उरलेल्या बोटभर जागेत नाटकाचं नाव. आपला फोटो नाही म्हणून दोन वर्षं न बोललेली माणसं मंडळात होती.

"मी करते," हालिना म्हणाली. "फुकट. पण चेहरे नाहीत. प्लॅस्टिक चढवायचं नाही. आणि बाहेर लावायचं, रस्त्यावर, खळीने."

"का?" सुलेखाने विचारलं, पण तिला उत्तर ठाऊक होतं.

"मरायच्या आधी ह्या देशात माझं एक पोस्टर चोरीला जाऊ दे," हालिना म्हणाली. ती हसत होती, पण थट्टा करत नव्हती.

ती तालमीला आली. कोट न काढता मागच्या खुर्चीवर बसली आणि प्रत्येकाला नाटक एका वाक्यात सांगायला लावलं. पाच नटांनी पाच नाटकं सांगितली. यतीनने तर पंचवीस मिनिटं घेतली. हालिना त्याचं ऐकतच नव्हती. तिचं लक्ष स्टेजच्या कोपऱ्यातल्या बॅगेवर होतं. ती तपकिरी, चाकं नसलेली जुनी सूटकेस पुरुषोत्तमकाकांच्या गराजमधून प्रॉपर्टी म्हणून आणली होती. तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरात नाव, गाव, पिनकोड लिहिलेला, आणि मुठीला हिरव्या साडीचा काठ बांधलेला.

"हे फडकं कशाला?"

"एअरपोर्टवर बेल्टवर लगेच ओळखू यावी म्हणून," सुलेखा म्हणाली. "आमच्याकडे सगळे बांधतात. माझ्या आईचं लाल होतं."

हालिनाने ती गाठ दोन बोटांनी चाचपून पाहिली. पुढचे आठ दिवस तिने फोन उचलला नाही.

चित्र झालं तेव्हा सुलेखा आणि तिची आठ वर्षांची मुलगी जुई दोघी ते बघायला गेल्या. पिवळ्या भिंतीपुढे एक खुर्ची. खुर्चीवर ती बॅग बसलेली. हो, बसलेलीच. अगदी कडेला, पाठ न टेकता, जरा पुढे झुकून, कोणी "चला" म्हणालं की लगेच उठता यावं अशी. अंगाभोवती शाल, आणि मुठीला तो हिरवा काठ. वर नाटकाचं नाव सुलेखाच्या हस्ताक्षरावरून गिरवलेलं. सगळी अक्षरं एका दोरीला टांगलेली आणि तीच दोरी खाली येऊन बॅगेला करकचून बांधलेली.

"मम, शी लुक्स शाय," जुई म्हणाली.

सुलेखाची आई पहिल्यांदा आली तेव्हा आठवडाभर अशीच बसायची. तेवढ्यात तिला खालचा कोपरा दिसला. तिथे एक लालभडक कोंबडी होती.

"ही कोण?"

"ही तुमच्या कमिटीसाठी," हालिना म्हणाली. "मी वीस वर्षं सेन्सॉरच्या समित्या बघितल्यात. समितीला काहीतरी काढून टाकावंच लागतं, नाहीतर सभा झाली असं वाटत नाही. तर आपणच काढायला काहीतरी द्यायचं. ते कोंबडीवर घसरले की तू भांड. पटकन सोडू नकोस."

शनिवारी सकाळी पुरुषोत्तमकाकांच्या घरी पोहे खात कमिटी बसली. पुरुषोत्तमकाका वेलिंग्टनच्या एका सरकारी कचेरीत वस्तूंच्या नोंदी ठेवायचे. तिथल्या प्रत्येक खुर्चीला त्यांनी नंबर दिलेला होता. मंडळाचा आमटी वाढायचा एक डाव हरवला तेव्हा त्यांनी तीन महिने चौकशी चालवली होती. माणूस सरळ, पण डोक्याला ताप.

सुलेखाने चित्र सोफ्यावर टेकवलं. काका चष्मा लावून पुढे झाले आणि नको इतका वेळ बघत राहिले.

"ही आमची बॅग दिसते," ते म्हणाले. मग त्यांनी घसा खाकरला आणि एकदम आवाज चढवला. "आणि ही कोंबडी? नाटकात कोंबडी आहे का?"

"नाही," यतीन म्हणाला.

"मग पोस्टरवर कशाला? आपलं स्नेहभोजन व्हेज आहे. लोक चिकनच्या आशेने आले, तर जबाबदार कोण?"

सुलेखाने तोंड बारीक केलं. "काका, आर्टिस्टचं काहीतरी थिंकिंग असेल ना…"

"आर्टिस्ट असू दे नाहीतर आणखी कोणी! कोंबडी जाणार."

झालं. पाऊण तास कोंबडीवर गेला. एकाने ती भारतीय वाटत नाही असा मुद्दा काढला. एकीने तिच्याऐवजी मोर सुचवला. सुलेखा कोंबडीच्या बाजूने जीव तोडून भांडली आणि शेवटी सहा विरुद्ध एक मतांनी हरली. विजयाच्या भरात पुरुषोत्तमकाकांनी बाकीचं चित्र मंजूर करून टाकलं. फोटोंची आठवण त्यांना चार दिवसांनी, छापील गठ्ठा हातात आल्यावर झाली.

"ह्यात माणूसच नाही एक!" ते फोनवर ओरडले. "वीस वर्षांत असं झालेलं नाही, सुलेखा! लोक म्हणतील मंडळाला अध्यक्ष नाही!"

पण छापलेलं वाया घालवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी पंचवीसही पोस्टरांच्या मागे नंबर घातले, पंचवीस जागांची लेखी परवानगी आणली आणि जाहीर केलं की प्रयोगानंतर सगळी पोस्टरं मोजून परत जमा होतील. लॅमिनेशन करू या, केबल टायने आवळू या, असंही त्यांचं म्हणणं होतं. तेवढं सुलेखाने मोठ्या मुश्किलीने थोपवलं.

रविवारी हालिनाच्या स्वयंपाकघरात खळ शिजली. मैद्याचा तो वास आला आणि सुलेखाला पतंग आठवले. ती, यतीन आणि जुई बादली घेऊन स्टेशनचं कुंपण, लायब्ररीचा फलक, डेअरी म्हणतात त्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची भिंत असं करत फिरले. मागून हालिना काठी टेकत सूचना देत होती. "फक्त चार कोपरे! सगळीकडे नको. चोराला थोडं उत्तेजन हवं."

आणि मग वाट बघणं सुरू झालं.

रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत सुलेखा हालिनाला गाडीत घालून चक्कर मारायची. पोस्टरं जिथल्या तिथे. लोक थांबून बघायचे, एक-दोघांनी फोटोही काढले. एक म्हातारा माओरी गृहस्थ डेअरीसमोर बराच वेळ उभा होता. "किआ ओरा," असा नमस्कार करून तो हालिनाला म्हणाला, "माझी आजी अशीच बसायची." हालिनाने कान टवकारले. पण तोही हात न लावता निघून गेला.

"फार सज्जन देश आहे," हालिना आठव्या दिवशी म्हणाली. तिचा आवाज इतका पडलेला होता की सुलेखाने त्याच संध्याकाळी नवऱ्याला गळ घातली.

"मी? चोरी?" यतीन म्हणाला. "अगं, माझंच नाटक आहे ते!"

"म्हणून तर. स्टेशनवर उतरलास की नऊ नंबर काढ आणि घरी आण."

त्याने आणलं. दुसऱ्या दिवशी सुलेखा धावतपळत हालिनाकडे गेली. "गेलं! नऊ नंबर गेलं! एका बाईने चोराला प्रत्यक्ष बघितलं."

हालिना खुर्चीतून अर्धी उठली. "कसं नेलं त्याने? गुंडाळून की घडी घालून?"

सुलेखाला खोटं बोलायची सवय नाही, आणि अशा माणसाच्या तोंडून खरं निसटतंच. यतीनने ते चार घड्या घालून लॅपटॉपच्या बॅगेत कोंबलं होतं. "घडी घालून," ती म्हणून गेली.

हालिना पुन्हा खाली बसली. "मग तो पोलीस होता," ती म्हणाली, "नाहीतर तुझा नवरा." मग तिने सुलेखाचा हात थोपटला. "चोर घडी घालत नाही, बाळा. चोराला ते भिंतीवर लावायचं असतं."

सुलेखाचं तोंड पार उतरलं. नऊ नंबर घड्यांसकट पुन्हा कुंपणावर गेलं.

प्रयोगाच्या दोन दिवस आधी दक्षिणेकडचा बोचरा वारा सुटला. रात्रभर पाऊस कोसळला आणि सकाळी डेअरीच्या भिंतीवरचं सतरा नंबर दिसेना. पण सुलेखाने फोनवर सांगितलं तरी हालिना हुरळली नाही.

"वारा होता," ती म्हणाली. "वाऱ्याचं मी धरत नाही."

नाटक दणक्यात झालं. दोनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये लोक उभे होते. निम्मे म्हणाले, आम्ही त्या बॅगेला बघून आलो. हालिना पहिल्या रांगेत बसून एक अक्षर न कळता चुकीच्या जागी हसली आणि शेवटी योग्य जागी रडली. पोस्टरं काढून आणली, मोजली. चोवीस भरली. पुरुषोत्तमकाकांनी वहीत लिहिलं: 'क्र. १७, वाऱ्याने गहाळ', आणि वही मिटली.

सुलेखाला ते खटकलं. एका डावासाठी तीन महिने मंडळाला फाडून खाणारा माणूस, आणि पोस्टर एका ओळीत सोडून दिलं?

पुढच्या शनिवारी ती बॅग परत द्यायला काकांकडे गेली. दार आशालताकाकूंनी उघडलं. "ये गं. हे मागच्या खोलीत आहेत. बॅग तिथेच नेऊन ठेव."

सुलेखा बॅग घेऊन मागच्या खोलीच्या दारात आली आणि तिथेच थबकली. समोरच्या भिंतीवर पिवळी भिंत होती, खुर्ची होती, शाल पांघरलेली बॅग होती. कोपऱ्यांवर खळीचे डाग होते. पुरुषोत्तमकाका समोर वेताच्या मोड्यावर बसले होते. तिला बघून ते असे उठले की मोडा कलंडला.

"हे… सतरा नंबर…" ते म्हणाले.

"आता सांगून टाका हो," काकू मागून म्हणाल्या. "त्या दिवशी कोमट पाण्याची बादली आणि स्पंज घेऊन निघाले. मी म्हटलं, गाडी धुताय की काय! तासाने परत आले ते बाह्या ओल्या करून. कोपरे भिजवत बसले होते म्हणे, फाटू नये म्हणून."

काका बॅगेकडे बघत होते, सुलेखाच्या हातातल्या खऱ्या बॅगेकडे. "आई दोन हजार तीनला आली होती," ते म्हणाले. "एकदाच. तीन महिने त्या कडेच्या खुर्चीत बसली, अशीच. मी म्हणायचो, आई, नीट टेकून बस ना, तुझंच घर आहे. जाताना चाकाची बॅग घेऊन दिली, म्हणून ही इथे राहिली. दुसऱ्या व्हिसाचं पत्र आलं, त्याच आठवड्यात सांगलीहून फोन आला. ती गेली होती." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "त्या बाईने माझ्या आईला कधी बघितलंही नाही गं. तरी तिला बरोबर बसवलंय. मी दहा दिवस बसस्टॉपवरून रोज तिला बघत होतो. त्या दिवशी रेडिओवर सांगितलं, साउदर्ली येतोय, हेवी रेन. मग तिला तिथे भिजत कशी ठेवू?"

सुलेखाला हसू आणि रडू एकदमच आलं. तिने बॅग खाली ठेवली.

"काका, नंतर मागितलं असतं तर दिलं नसतं का कोणी?"

"कुठल्या तोंडाने मागू? फोटो नाहीत म्हणून एवढा आरडाओरडा केलेला." त्यांनी आवाज खाली आणला. "मंडळात बोलू नकोस. नोंदीत वारा लिहिलाय."

"नाही बोलणार," सुलेखा म्हणाली. "पण काकू, एक सांगा. आणताना यांनी घडी घातली होती का?"

"घडी? छे गं!" काकू म्हणाल्या. "चित्राला सुरकुती पडेल म्हणून पुरणपोळीसारखं दोन हातांवर धरून गुंडाळलं. चित्र बाहेर ठेवून. आणि वरून स्वतःचा रेनकोट. स्वतः भिजले."

सुलेखा तिथून थेट हालिनाकडे गेली, चहासुद्धा न घेता. हालिना स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती.

"सतरा नंबर वाऱ्याने नेलं नाही," सुलेखा दारातूनच म्हणाली. "चोरीला गेलं. मी भिंतीवर लावलेलं बघितलं. कोपरे कोमट पाण्याने भिजवून सोडवले होते."

हालिनाने सुरी खाली ठेवली. तिने सुलेखाचा चेहरा नीट निरखला. ह्या बाईला खोटं बोलता येत नाही, हे तिला एव्हाना पक्कं माहीत झालं होतं.

"गुंडाळून?"

"गुंडाळून. चित्र बाहेरच्या बाजूला. स्वतःचा रेनकोट काढून त्यावर घातला."

हालिनाच्या गालांवर लाली चढली होती, सतरा वर्षांच्या मुलीसारखी.

"कोण ते सांगू?" सुलेखाने विचारलं.

"नको, नको! चोराचं नाव विचारत नाहीत." तिने ॲप्रनला हात पुसले, खणातून पेन्सिल काढली आणि चाकूने तिला टोक केलं. मग तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि आतल्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, एक उभी रेघ ओढली. दोन पावलं मागे आली. बघितलं. तिला ती जरा फिकी वाटली असावी. ती पुढे झाली आणि त्याच रेघेवरून तिने पेन्सिल पुन्हा एकदा, सावकाश, वरपासून खालपर्यंत फिरवली.

"बेचाळीस," ती म्हणाली, आणि पुन्हा बटाटे सोलायला बसली.